नवतप्यातला स्लॅब

नागपूरच्या महाल भागात आम्ही ज्या खोलीत राहायचो, तिच्यावर टिनाचं छप्पर होतं. नागपूरचा उन्हाळा आणि डोक्यावर टिन, एवढं म्हटलं की इथल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. ज्यांनी हे भोगलं नाही त्यांच्यासाठी सांगते. दुपारी त्या खोलीतल्या लोखंडी पेटीला हात लागला तर चटका बसायचा. माठाला गुंडाळलेलं ओलं फडकं बघता बघता पापडासारखं कडक व्हायचं. आई दारात उभी राहून तांब्यातांब्यानं टिनावर पाणी फेकायची. चर्र आवाज यायचा, वाफ उठायची, आणि खाली बसलेली आम्ही तिघं भावंडं गार वाटल्याचं सोंग करायचो. तेवढंच आईला बरं वाटायचं.

पुढच्या पक्क्या घरात घरमालक आणि मागच्या अंगणात आम्ही. नळाला पाणी आलं की आधी त्यांच्या टाक्या भरायच्या, उरलं तर आमची गुंडं, म्हणजे घागरी. माणसं वाईट नव्हती ती. पण दुसऱ्याच्या अंगणात राहणाऱ्याला आपल्या पोरांना दिवसातून कितीदा "हळू बोला" म्हणावं लागतं, ते त्यालाच ठाऊक. माझा अभ्यास दोन पेट्या एकावर एक ठेवून व्हायचा. त्यातल्या वरच्या पेटीत आईचं लुगडं किंवा धाकट्या भावाची, राजूची, चड्डी हवी असली की माझं पुस्तक उठायचं.

आणि बाबांचा धंदा काय, तर घरं बांधायचा. आई भाकर थापता थापता म्हणायची, "लोकायले स्लॅब टाकून देते हा मानूस, आन आमाले टिनाखाली भाजून ठेवते." बाबांचा डावा कान फौजेत सुरुंगाच्या आवाजानं गेला होता. आईचं हे असलं सुरू झालं की ते हळूच वळून डावा कान तिच्याकडे करून बसत.

परवा नवतपा लागला. मेअखेरच्या रोहिणी नक्षत्रातले ते नऊ दिवस, ज्यांत नागपूरचे रस्ते दुपारी संचारबंदी लागल्यासारखे ओस पडतात. आमच्या गल्लीत समोरच एक घर बांधून राहिले आहेत. सकाळी खिडकी उघडली आणि ओल्या सिमेंटचा वास आला. थंड, थोडा राखेसारखा, थोडा पावसासारखा वास. मी तिथंच उभी राहिले. बाबा गेले त्याला आता पाच-सहा महिने झाले. हिवाळ्यात गेले. सगळे म्हणाले, वय झालं होतं, ऐंशी पार केली होती, समाधानानं गेले. मीही तेच म्हणत होते. पण बाबांची आठवण हिवाळ्यात येत नाही मला. हिवाळा हा बाबांचा ऋतू नव्हताच. ते उन्हाळ्याचे माणूस होते. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, पायात फौजी बूट, आणि नजर कुठल्यातरी छताकडे.

त्यांचं गाव उमरेडच्या पुढं, भिवापूरच्या अंगाला. आजोबा-आजी दुसऱ्यांच्या शेतात मिरच्या तोडायचे. संध्याकाळी आजीचे हात इतके पेटायचे की ती लेकराच्या डोळ्याला हात लावायची नाही, असं बाबा सांगत. सातवी झाली, पुढं वय भरलं, आणि ते एका मित्राच्या संगतीनं भरतीला गेले. मित्र छातीत कमी पडला, बाबा लागले. नशिबानं पलटण मिळाली ती पूल बांधणारी. पहाडात, वाळवंटात, नदीनाल्यांवर पूल बांधत त्यांची जवानी गेली. लढाईच्या गोष्टी त्यांनी आम्हाला फारशा सांगितल्या नाहीत. आम्ही शाळेतून येऊन मोठ्या उत्साहानं विचारायचो, "बाबा, तुमी किती दुश्मन मारले?" ते म्हणायचे, "मी पाट्या उचलल्या." एवढ्यावर विषय संपायचा.

एक गोष्ट मात्र सांगत. त्यांच्या पलटणीत रिवाज होता. पूल बांधून झाला की गाड्या सोडायच्या आधी बांधणाऱ्यांनी त्यावरून चालत जायचं. साहेब पुढं, मागून सगळे. बाबा म्हणत, "तो रिवाज असला ना, का मंग बोल्ट कसतानी हात आपोआप नीट चालते."

हवालदार होऊन ते परत आले आणि तो रिवाज त्यांनी नागपुरात आणला. इथं पूल नव्हते, म्हणून स्लॅबला लावला. कोणाचंही घर असो, सेंट्रिंग, म्हणजे ओल्या स्लॅबला खालून दिलेला बल्ल्या-पाट्यांचा आधार, खोलायच्या दिवशी बाबा घरून डबा घेऊन जात. बल्ल्या निघाल्या, पाट्या पडल्या, की ते एकटे आत जाऊन बरोबर मधोमध मांडी घालून बसत आणि जेवत. शांतपणे, चावून चावून. घरमालक, त्याची बायको, मजूर सगळे बाहेर. डबा संपला, हात धुतले, की म्हणत, "या आता. घर तुमचं." काही लोक हसत. काहींना हा कुठला तरी धार्मिक विधी वाटे, ते नारळ आणून ठेवत. शालिक मिस्त्री नावाचे त्यांचे जुने जोडीदार होते, ते म्हणत, "हवालदार, एखाद दिवशी छत खाली येईन आन तुमच्या भाजीत गिट्टी पडन." बाबा म्हणत, "मंग त्या दिवशी भाजी जोरदार होती म्हना."

आईला हा रिवाज माहीत होता. ती डबा भरून द्यायची. त्या दिवशी त्यात भिवापुरी मिरचीचा ठेसा जरा जास्त असायचा. पण ती कधी काही बोलली नाही. नवरा वर्षानुवर्षं सरहद्दीवर असलेल्या बाईला अशा गोष्टींवर न बोलायची सवय झालेली असते, असं मला तेव्हा वाटायचं.

मानेवाड्याकडं तेव्हा नुसती शेतं होती. त्यात आखलेल्या एका ले-आऊटमध्ये बाबांनी प्लॉट घेतला, आणि मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना घर बांधायला काढलं. तिथली जमीन काळी. काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते, आणि वरच्या घराला कधी स्वस्थ बसू देत नाही. म्हणून बाबांनी पायवा इतका खोल खणला की आजूबाजूचे विचारायचे, "हवालदार, घर बांधून राह्यले का विहीर?"

त्या प्लॉटवरची एक दुपार मला फार आवडते. भिंती अजून उठायच्या होत्या. बाबांनी आईला बोलावलं आणि विटांची चळत रचून म्हणाले, "अवं, इथं उभी राह्य. आन कनिक मळ."

"कनिक कुठं हाय?"

"नाई. असंच मळ. हवेत."

आई बिचारी लाजून लाजून विटांवर हवेतली कणीक मळू लागली. बाबा बाजूनं तिच्या कोपराकडे बघत. एक वीट काढली. "आता?" "वाकावं लागते." पुन्हा अर्धी वीट ठेवली. "आता?" "आता बराबर." शालिक मिस्त्री हसत हसत खाली बसले. "वहिनी, पोया किती झाल्या? मले दोन वाढा." बाबांनी तिथल्या तिथं विटेवर खूण केली. आमच्या स्वयंपाकघरातला ओटा आईच्या कोपराच्या मापाचा आहे. बुटकी आहे आमची आई. माझ्या उंच वहिनीची आज त्या ओट्यावर पाठ दुखते, पण तो उंच करायचं नाव कोणी काढत नाही.

बाबा असे होते. आईला टायफॉइड झाला तेव्हा माझ्या आणि माझ्या बहिणीच्या, वनिताच्या, वेण्या तेच घालायचे. केसांत अशी सरळ रेषा पाडायचे, की शाळेत बाई विचारायच्या, ओळंबा लावून भांग पाडला का?

घर मार्चपर्यंत छतापर्यंत आलं होतं. स्लॅब एप्रिलच्या सुरुवातीला टाकायचा होता, म्हणजे उन्हाची धार चढायच्या आत. पण मजूर निघून गेले. त्या काळी आमच्याकडं बांधकामावर बरेचसे छत्तीसगडचे मजूर असायचे. तेंदूपत्त्याचा हंगाम आला, गावाकडं लग्नं निघाली, आणि एका सकाळी त्यांच्या झोपड्या रिकाम्या. कोणी रागावण्यासारखं काही नव्हतं, दरवर्षीचंच होतं ते. फक्त या वर्षी घर आमचं होतं. इकडं घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. जून संपेपर्यंत खोली सोडा, म्हणाले, सून कुठं ठेवू? बरोबरच होतं त्यांचं. म्हणजे पाऊस धरायच्या आत आम्हाला डोक्यावर छत पाहिजेच होतं. नाहीतर पेट्या, माठ आणि तीन पोरं घेऊन भर पावसात नवी खोली शोधायची. फौजेतून आलेला आणि साइटवर कमावलेला होता नव्हता तो पैसा त्या घरात गेला होता. दुसऱ्यांदा स्लॅब टाकायची आमची ताकद नव्हती. हे घरात कोणी बोलून दाखवलं नाही, पण राजूलासुद्धा कळत होतं.

मजूर परत आले ते थेट नवतप्याच्या तोंडावर. शालिक मिस्त्री म्हणाले, "हवालदार, नवतप्यात स्लॅब म्हंजे तव्यावर दही लावनं." बाबा म्हणाले, "लावू. पानी मी पाजतो त्याले."

स्लॅब टाकला. पहाटेपासून घमेली हातोहात चढत गेली. आईनं सगळ्या मजुरांना गोळाभात घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी स्लॅबवर सिमेंट-रेतीच्या मसाल्याचे छोटे बांध घालून शेतातल्या वाफ्यांसारखे क्यारे केले आणि ते पाण्यानं भरले. याला आमच्याकडं तराई म्हणतात. नव्या स्लॅबला पाण्यात ठेवावं लागतं. नवतप्यात तर क्षणभर कोरडं होऊ द्यायचं नाही. पाणी मिळायचं बाजूच्या शेतातल्या सुभद्राबाईंच्या विहिरीतून. तिथं मोटर होती, आणि बाबांनी त्यांच्या विहिरीचा कठडा बांधून दिला होता, त्यामुळे त्या पाण्याला कधी नाही म्हणायच्या नाहीत. मी रसायनशास्त्राचं पुस्तक घेऊन वरच एका कोपऱ्यात ताडपत्रीच्या सावलीत क्याऱ्यांकडं बघत बसायची. आभाळ त्या चौकोनी पाण्यात तुकडे तुकडे होऊन पडलेलं असायचं.

आमच्या परीक्षा त्या वर्षी रखडत रखडत मेअखेरपर्यंत आल्या होत्या. आधीच्या पेपरला मी सेंटरच्या फाटकातच चक्कर येऊन पडले होते. लू, म्हणजे उन्हाची झळ, लागली होती. कोणीतरी डोक्यावर पाणी ओतलं, मी तशीच ओली आत गेले आणि पेपर लिहिला. हे घरी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, पण वनितानं सांगितलं. पुढचा पेपर स्लॅब टाकल्याच्या तिसऱ्या दिवशी. सकाळी प्लॉटवर पाणी मारून झाल्यावर मला न्यायला बाबांनी तिथूनच लुना काढली.

शालिक मिस्त्री वरून ओरडले, "ओ हवालदार! स्लॅब ओला हाय, तुमी कुठी चाल्ले?"

"पोट्टीचा पेपर हाय."

"पेपर तिचा हाय, तुमचा नाई!"

"मागच्या बारीले पडली ते. मी जाऊन बसतो तिथं."

"आन इथं?"

"इथं तू हाय ना गा."

बाबांनी मला सेंटरवर सोडलं आणि परत गेले नाहीत. फाटकासमोर एक कडुलिंबाचं झाड होतं, त्याच्या बुडाशी बसले. मी वरच्या मजल्यावर खिडकीशी होते. मान वर केली की ते दिसायचे. डोक्याला दुपट्टा, बाजूला माझ्यासाठी आणलेली पन्ह्याची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळलेली. ते फडकं वाळलं की उठून नळाशी जायचे, भिजवून आणायचे, पुन्हा गुंडाळायचे. आयुष्यात पुष्कळ परीक्षा दिल्या मी, नोकरीच्या, खात्याच्या. पण कुठल्याच परीक्षेत माझं अक्षर त्या दिवशी आलं तसं आलेलं नाही.

पेपर संपवून आम्ही प्लॉटवर आलो तर वेगळाच देखावा. ले-आऊटमध्ये जी काही तुरळक घरं होती, तिथल्या बायका डोक्यावर गुंडं घेऊन आमच्या शिडीशी रांग लावून उभ्या होत्या. सुभद्राबाईंच्या विहिरीनं दुपारी दम टाकला होता. मोटर गाळ ओकून बंद पडली होती. शालिक मिस्त्री पाण्याचा ड्रम बघायला बैलगाडी घेऊन पळाले होते. आणि आई वनिता-राजूला घेऊन दारोदार गेली होती. "बाई, स्लॅब सुकून राह्यला वं माहा, काई पानी हाय का?" एवढंच म्हणत होती म्हणे. कोणी प्यायच्या पाण्यातलं दिलं, कोणी तांदूळ धुतल्याचं दिलं, एकीनं तर चालता कूलर बंद करून त्याची टाकी उपसून आणली. नवतप्याच्या दुपारी कूलरची टाकी देणं म्हणजे काय, हे नागपूरकरालाच कळेल. स्वतः सुभद्राबाई साठीच्या पुढच्या, त्या शिडीच्या पहिल्या पायरीवर उभ्या राहून गुंडं वर देत होत्या.

मागच्या खोल्यांवरचे क्यारे त्यांनी भरलेले ठेवले होते. पण पश्चिमेच्या बाजूला, बैठकीच्या खोलीवर, ऊन सरळ पडत होतं आणि तिथवर पाणी पुरलं नव्हतं. बाबा वर चढले. मी मागोमाग. बैठकीवरचा स्लॅब पांढरा पडला होता. त्यावर बारीक बारीक रेघा उठल्या होत्या, म्हाताऱ्या माणसाच्या तळहातावर असतात तशा. बाबा उकिडवे बसले. नखानं एक रेघ उकरून पाहिली. मग हात तसाच स्लॅबवर ठेवून बसून राहिले. दगडासारखा तापला होता तो, पण त्यांनी हात उचलला नाही.

शालिक मिस्त्री ड्रम घेऊन आले. वर येऊन त्यांनीही पाहिलं. म्हणाले, "हवालदार, हे वरची साय हाय. खालचं दूध फाटलं नाई."

"तुले कसं मालूम?"

"तीस सालापासून तेच पाहून राह्यलो ना."

"खालून पाह्यलं का?"

"खालून आता सेंट्रिंग खोलू तवाच दिसन."

बाबा खाली आले. आई पदरानं तोंड पुसत उभी होती. बाबांना पाहून आधी तिनं विचारलं, "पोरीचा पेपर कसा गेला?"

"बरा गेला म्हन्ते."

"मंग बस झालं. एक तं पक्कं झालं."

त्यानंतरचे आठवडे मला आठवतात ते ओल्या तणसाच्या वासानं. बाबांनी बैठकीवरच्या स्लॅबवर धानाचं तणस पसरलं, त्यावर कळमन्याच्या बाजारातून आणलेली फाटकी पोती. बैलगाडीनं ड्रम आणायचे, पोती भिजवायची, पुन्हा ड्रम. पहाटे उठून जायचे. शेजारपाजारचे सांगायचे, अहो, आता झालं, पुरे. पण त्यांचा हात थांबेना. रात्री जेवताना ते मध्येच वर टिनाकडे बघत बसायचे. आई भाकर वाढायची आणि तीही वर बघायची. मी आतल्या आत विचार करायची, की त्या दिवशी बाबा लिंबाखाली बसले नसते तर बैलगाडी लवकर निघाली असती. त्यांनी मात्र तसा शब्द कधी काढला नाही. शेवटचा पेपर होता तेव्हाही लुना काढली. मी म्हटलं, "बाबा, मी जाते ना बसनं." ते म्हणाले, "बस तापते." आणि लुनाला पाय मारला.

मृग लागला. आभाळ भरून यायचं, वारा सुटायचा, धूळ उडायची, पाणी पडायचं नाही. अशाच एका दमट सकाळी सेंट्रिंग खोलायचं ठरलं. बाबांनी आदल्या दिवशी आईला सांगितलं, "उद्या तू येऊ नको. पोरायलेही आनू नको. डबा भरून देजो." आईनं मान डोलावली. सकाळी डबा भरला. पण बाबा लुनावर निघाल्यावर तिनं आम्हाला बसमध्ये बसवलं आणि आम्ही सगळे तिथं.

बल्ल्या निघत होत्या. मागच्या खोल्यांच्या आधी, बैठकीच्या शेवटी. प्रत्येक बल्ली निघताना आवाज व्हायचा आणि बाबा उजवा कान वर करून ऐकायचे. शेवटची पाटी पडली. धूळ बसली. सगळे बाहेर आले. बाबांनी डबा उचलला. शालिक मिस्त्रींनी नेहमीसारखी थट्टा करायचा प्रयत्न केला, "हवालदार, आज तरी मटन आनाचं होतं," पण नजर त्यांचीही छताकडंच होती. बाबा आत गेले आणि बैठकीच्या मधोमध मांडी घालून बसले. डब्याचं झाकण उघडलं.

मी आईकडं पाहिलं तर आई जागेवर नव्हती. ती चपला काढून उंबरठ्याशी गेली होती. उंबरठा अजून बसायचा होता, नुसती फट होती. बाबा आतून ओरडले, "अवं, थांब तिथीच! काहून येऊन राह्यली?"

"जेवाले."

"हे माहं काम हाय. तू मागं हो."

आई आत गेली. "पंधरा साल तुमी तिकडे होते, मी इकडे. पुलावर तुमी चालले, मी गावात ऐकत बसली. आता घर माहं हाय का नाई?"

"हाय ना वं..."

"मंग सरका जरा."

बाबा सरकले. आई शेजारी बसली. तिनं पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, आणि खाल्ला. आम्ही बाहेर उभे. वनितानं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. आत दोघं जेवत होती. कोणी वर बघत नव्हतं. आई मध्येच म्हणाली, "मीठ कमी झालं वाटते." बाबा म्हणाले, "नाई, बराबर हाय." मी आजवर पाहिलेलं सगळ्यात लांब जेवण होतं ते.

डबा रिकामा झाल्यावर बाबा उठले. शालिक मिस्त्रींना हाक मारली. दोघांनी लाकडी घोडी लावून खालून सगळा स्लॅब हातोडीच्या दांड्यानं ठोकून पाहिला. टण टण असा एकसारखा आवाज येत गेला. खाली एकही रेघ नव्हती. शालिक मिस्त्री घोडीवरूनच ओरडले, "बोल्लो होतो ना गा! साय होती, साय!" बाबांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं, खूप वेळ पुसत राहिले. मग बाहेर येऊन आम्हाला म्हणाले, "या रे पोट्टेहो. घर आपलं."

नेहमी ते "घर तुमचं" म्हणायचे.

पुढं काय काय झालं ते सगळ्या घरांत होतं तसंच झालं. प्लास्टर व्हायच्या आधीच आम्ही राहायला गेलो. पहिल्या जोरदार पावसात बैठकीच्या कोपऱ्यात पपईएवढा ओला डाग पडला. बाबांनी वर जाऊन सिमेंटचं पाणी पाजलं, तो पुन्हा दिसला नाही. निकाल लागला. बाबांनी पेपरात माझा नंबर स्वतः शोधला, चष्मा नसताना, आणि कोणाला बोट लावू दिलं नाही. वनिता नर्स झाली, राजू शिकून ठेकेदारीत आला. मला सरकारी कचेरीत नोकरी लागली. पहिल्या दिवशी टेबलावर माझ्या नावाची पाटी होती, बाबा मुद्दाम पाहायला आले. साहेबानं चहा पाजला. बाबा चहा पिऊन, पाटी डोळ्यांसमोर धरून, तिची कड सरळ आहे की नाही ते बघून परत गेले.

म्हातारपणी त्यांना साइट सुटली, पण तराई सुटली नाही. ले-आऊट भरत गेला, घरामागून घरं उठली. नवतप्यात कुठं कोरडा स्लॅब दिसला की बाबा काठी टेकत जायचे आणि तिथला पाइप उचलून पाणी मारायला लागायचे. एकदा एका नव्या चौकीदारानं हटकलं, "ओ आजोबा, तुमचं घर आहे का हे?"

"नाई."

"मग काहून मेहनत करून राहिले?"

"त्याले तहान लागली ना गा."

चौकीदार आमच्या घरी तक्रार घेऊन आला. आई म्हणाली, "बाप्पा, मारू दे पानी. आमच्या इथं तं घरातल्या कुंड्याही याच मानसानं बुडवून मारल्या." तिनं चौकीदाराला ताक दिलं. पुढं तो स्वतःच सकाळी फाटकाशी येऊन विचारू लागला, "आजोबा, आज किती वेळा मारू?"

मी कधीकधी विचार करते, बाबांचं आयुष्य मोठं होतं की छोटं? वर्षांनी मोठं होतं. पण कुठं त्यांचं नाव लिहिलेलं नाही. जे पूल बांधले ते दुसऱ्या राज्यांत, त्यांवरून गेलेल्यांना ते माहीत नाहीत. नागपुरातली त्यांची कित्येक घरं पाडून आता मोठ्या इमारती झाल्या. मी त्या रस्त्यांनी जाते तेव्हा मन दुखतं, हे कबूल. पण बाबांना त्याचं काही वाटायचं नाही. म्हणायचे, "त्यायनं त्याच्यात संसार केला ना? मंग काम झालं त्याचं."

समोरच्या घरी आज सकाळी पाणी मारून राहिले होते. मी खिडकीतून बघत होते. मग फोन करून आईशी बोलले. राजू आणि वहिनी कामावर गेले की ती दिवसभर मानेवाड्याच्या घरात एकटीच असते, आणि त्यात तिला काही अवघड वाटत नाही. ऊन कसं आहे, म्हटलं. म्हणाली, "बाहेर हाय. घरात नाई."

माझ्या आधी आमच्या घराण्यात कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं आणि बाबांच्या आधी कोणाचं स्वतःचं घर नव्हतं. त्या वर्षी पाऊस लागला तेव्हा आम्ही महालातली खोली सोडून आमच्या घरात राहायला गेलो होतो, आणि पाऊस सरायच्या आत मी बी.एस्सी. पास झाले होते.